बंदूक जमा केल्यानंतर

पहिल्याच भेटीत डॉक्टर मॅडमनी गोळ्यांच्या आधी बंदुकीचा विषय काढला. झोप किती लागते, स्वप्नं कसली पडतात, दारू किती होते, हे विचारून झालं. मग पेन खाली ठेवून त्यांनी सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" मी हो म्हणालो. तोवर हे कुणाजवळ बोललो नव्हतो, मंडळींजवळसुद्धा नाही. मॅडम दचकल्या नाहीत, उपदेशही केला नाही. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "घरात बंदूक आहे?"

होती. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो आणि कोल्हापुरात एका बँकेच्या दारात गार्ड म्हणून लागलो. आमच्याकडं ही रुळलेली वाट आहे. फौजेतला शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पोरं शाळेत असतात, घराचं काम अर्धवट असतं, नुसत्या पेन्शनीत भागत नाही. मग स्वतःच्या नावावर लायसन्स काढायचं, बारा बोअरची डबल बार घ्यायची आणि एजन्सीतर्फे बँकेत नाहीतर सोन्याच्या पेढीवर उभं राहायचं. हत्यार स्वतःचं असलं की पगार जास्त. त्यामुळं आमच्या जिल्ह्यात अशी बरीच घरं आहेत जिथं बंदूकही असते आणि रात्र-रात्र न झोपणारा माणूसही असतो. हे दोन्ही एका छपराखाली नसावं, एवढंच त्या दिवशी ठरलं. आजार काय, त्याला नाव काय, हे सगळं नंतर.

मंडळी बाहेर बाकावर बसल्या होत्या. माझी परवानगी घेऊन मॅडमनी त्यांना आत बोलावलं. मला वाटलं रडारड होईल. झाली नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आवं, इलेक्शनला पोलिसांत जमा करत्यात का न्हाई? तशीच जमा करायची. कुणाला काय सांगायचं त्यात?" निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं जमा करायची ही पद्धत गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. त्या एका वाक्यानं माझी अर्धी लाज गेली. बंदूक आणि काडतुसं परवानाधारक विक्रेत्याकडं ठेवायला दिली. पावती मंडळींनी स्वतःच्या कपाटात ठेवली. एजन्सीच्या साहेबांना तब्येतीचं कारण सांगून बिनहत्याराची ड्यूटी मागितली, त्यांनी एका गोडाऊनच्या गेटवर टाकलं. पगार कमी झाला आणि पोरीच्या क्लासची फी त्या वर्षी माझ्या भावानं भरली.

मॅडमनी समजावलं ते असं. मरायची इच्छा माणसाच्या मनात चोवीस तास एकाच जोराची नसते. तिची उबळ येते. ती काही वेळ टोकाला जाते आणि ओसरते. त्या वेळात हाताशी काय आहे आणि जवळ कोण आहे, यावर पुष्कळ ठरतं. त्यांनी श्रीलंकेचं उदाहरण दिलं. तिथं १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि पुढच्या दहा वर्षांत देशातलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. माणसांची दुःखं त्या दहा वर्षांत निम्मी झाली नव्हती. विष फक्त हातापासून लांब गेलं होतं. हे ऐकून मंडळींनी घरी आल्यावर गोठ्याच्या फळीवरचं तणनाशक आणि उसाची बाकीची औषधंही माझ्या भावाच्या घरी कुलपात नेऊन ठेवली. मॅडमनी ते सांगितलं नव्हतं, मंडळींनी आपल्या डोक्यानं केलं.

२०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या २२,७४६ एकट्या महाराष्ट्रात. राज्यांमध्ये आपला आकडा सगळ्यात वरचा. आम्ही माजी सैनिक त्या गर्दीतलेच, पण आमचं थोडं वेगळं आहे ते सांगतो.

काश्मीरात कुपवाड्याला राष्ट्रीय रायफल्समध्ये असताना जे घडलं ते मी इथं उलगडून लिहिणार नाही. एका सर्च ऑपरेशनमध्ये माझ्या सेक्शनमधला एक जवान माझ्यापासून हाताच्या अंतरावर मारला गेला, एवढं पुरे. त्या वेळी काही झालं नाही. ड्यूटी केली, पुढची पोस्टिंगही नीट काढली. घरी आल्यावर सुरू झालं. पहाटे अंधारात दचकून जाग यायची आणि शरीर 'स्टँड टू'ला, म्हणजे हल्ला येईल म्हणून सज्ज उभं राहायला, तयार. महाद्वार रोडला गर्दीत गेलो की पाठ भिंतीला लावल्याशिवाय उभं राहवायचं नाही. लग्नात फटाक्यांची माळ लागली की मी जेवणाच्या ताटावरून उठून कुठं तरी भिंतीआड. पोरीनं पाठीमागून येऊन डोळे झाकले तेव्हा तिला ढकललं, ती पडली. त्यानंतर ती माझ्याशी बोलताना दारातच उभी राहायला लागली. मला तेव्हा राग येत होता आणि त्याच्याखाली काहीच नव्हतं. पोरगं दहावीला चांगल्या मार्कांनी पास झालं, सगळे पेढे वाटत होते, मला पेढ्याची चव लागली पण आनंद झाला नाही. या आजाराला पीटीएसडी म्हणतात, आघातानंतर राहणारा मनाचा ताण. माझ्या मते त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट तीच. स्वप्नांची सवय होते, त्या बधिरपणाची होत नाही.

नोकरीत असताना दाखवावं असं कुणी म्हटलं असतं तरी दाखवलं नसतं. फौजेत मेडिकलला 'शेप' म्हणतात आणि त्यातला पहिला 'एस' मनाच्या तब्येतीचा. 'एस-वन' हा त्यातला वरचा दर्जा गेला, खालची कॅटेगरी लागली, की प्रमोशन, कोर्स, पोस्टिंग सगळ्यावर परिणाम होतो ही धास्ती प्रत्येक जवानाच्या मनात असते. ती धास्ती पेन्शनीवर आल्यावरही तशीच राहते. खरं तर तेव्हा तिला कारण उरलेलं नसतं. मानसोपचार घेतले म्हणून सर्व्हिस पेन्शन बंद होत नाही. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून आहे आणि तिच्यात मनाचे आजारही येतात. मी पॉलिक्लिनिकला कार्ड दाखवलं, तिथल्या डॉक्टरांना झोप लागत नाही एवढंच सांगितलं, त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडं रेफर केलं.

मंडळींना दुसरी भीती होती, पोलीस केसची. मी तर काही केलेलं नव्हतं, नुसते विचार होते. तरी त्यांच्या माहेरी एका घरात तसं झालेलं, पोलीस आले होते, ते त्यांच्या मनात होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. हे गावोगावी सांगायला हवं. केसच्या भीतीपोटी लोक जखमी माणसाला दवाखान्यात न्यायला उशीर करतात.

दुसऱ्या भेटीत कागद तयार केला. मॅडम त्याला सेफ्टी प्लॅन म्हणतात. अमेरिकेत बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी ही पद्धत बसवली. तिथल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत तातडीच्या विभागात आलेल्या लोकांवर तिचा अभ्यास झाला, तो २०१८ साली छापून आला. ज्यांनी असा कागद केला आणि ज्यांना नंतर दवाखान्यातून फोन जात राहिले, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येच्या दिशेनं उचललेली पावलं ४५ टक्क्यांनी कमी होती. कागद एक पानाचा. वर माझी धोक्याची लक्षणं, माझ्या शब्दांत : दोन रात्री सलग झोप नाही, जेवण परत करणं, हिशेबाची वही काढून पैशांची निरवानिरव करत बसणं. त्याखाली एकट्यानं करायच्या गोष्टी. मग अशी माणसं आणि जागा जिथं जाऊन बसलं तरी चालतं, काही सांगावं लागत नाही. मग ज्यांना खरं सांगायचं ती माणसं. मग डॉक्टर आणि हेल्पलाइन. शेवटी घरातून काय काय हलवलं. हे क्रमानं करत खाली यायचं. एक पायरी पुरली तर तिथं थांबायचं. एक प्रत माझ्या पाकिटात ईसीएचएस कार्डामागं, एक मंडळींकडं, एक माझ्या बडीकडं.

बडी म्हणजे काय ते फौजीला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. फौजेत प्रत्येकाला एक जोडीदार नेमलेला असतो, एकमेकांचा जीव एकमेकांच्या हवाली. माझा बडी कागल भागातला, माझ्या आधी पेन्शनीवर आलेला, आता दूध संस्थेत काम करतो. त्याला मी चौथी पायरी म्हणून लिहिलं आणि त्याला सांगायला त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "रोज रात्री नऊला रिपोर्ट द्यायचा. ऑल ओके असलं तर ऑल ओके. नसलं तर नॉट ओके, कारण सांगू नकोस, मी गाडीला किक मारतो." आणि तसं चालू झालं. फोन अर्ध्या मिनिटाचा. सुरुवातीला मी खोटं ऑल ओके दिलं तर त्याला आवाजावरून कळायचं आणि तो तरीही यायचा.

गोळ्या सुरू झाल्या, सर्ट्रालिन. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि ती मनानं एकदम बंद करायची नसते. शिवाय राजारामपुरीत एका मानसशास्त्रज्ञांकडं बसायला लागलो. तिथं जे घडलं तेच पुन्हा पुन्हा सांगायचं, वर्तमानकाळात, जणू आत्ता होतंय असं. त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं. हा उपचार पेन्सिल्व्हेनियाच्या एडना फोआ यांनी घडवला. पहिले काही आठवडे स्वप्नं वाढली. नंतर एक दिवस सांगता सांगता मला आठवलं की त्या सकाळी बर्फ नव्हतं, अक्रोडाची पानं पडलेली होती. इतकी वर्षं त्या आठवणीत मी बर्फच बघत होतो. त्या दिवसापासून ती आठवण हळूहळू झालेल्या गोष्टीसारखी वाटायला लागली, होत असलेल्या गोष्टीसारखी नाही.

आता ज्याला लोक 'पर्यायी उपचार' म्हणतात त्याकडं येतो, कारण मला सगळ्यात जास्त प्रश्न त्याबद्दलच येतात. योगानं जातंय का? ध्यानानं? गोळ्या नकोत, काही नैसर्गिक आहे का?

श्वासापासून सुरुवात केली. पतंजलीच्या नावानं टीव्हीवर दिसतं तसं अनुलोम-विलोम करायला बसलो, डोळे मिटून, मध्ये श्वास रोखून. आणि छाती धडधडायला लागली, तळहाताला घाम. दोन-तीनदा तसंच झालं तेव्हा मानसशास्त्रज्ञांना सांगितलं. त्यांनी विचारलं, फायरिंग करताना श्वास कसा घेत होता? आणि माझ्या लक्षात आलं. रेंजवर आम्हाला शिकवतात, श्वास अर्धा सोडायचा, तिथंच धरायचा आणि ट्रिगर दाबायचा. रोखलेला श्वास म्हणजे माझ्या शरीराला गोळीच्या आधीचा क्षण. कुंभक मला शांत करणार कसा? त्यांनी कुंभक काढून टाकला, डोळे उघडे ठेवायला सांगितले, नजर जमिनीवर, आणि फक्त उच्छ्वास लांबवायचा. चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर. त्याच्या जोडीला भ्रामरी. भुंग्यासारखा आवाज काढायचा तर श्वास आपोआप लांब बाहेर जातो, धरून ठेवताच येत नाही. हे जमलं. आजही रात्री जाग आली की गोधडीत बसून करतो, मंडळींची झोप मोडते कधी कधी, पण त्या काही बोलत नाहीत. हे एवढं तपशिलात लिहितोय कारण योगशिक्षक चांगला असला तरी समोरचा फौजी आहे हे त्याला माहीत असेलच असं नाही. आपण सांगायचं.

मॅडमना मी विचारलं होतं, याला पुरावा आहे का, की नुसतं म्हणायचं? त्यांनी पुरावा आणि त्याच्या मर्यादा दोन्ही सांगितल्या. २०१४ साली अमेरिकेत इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या २१ जणांवर सुदर्शन क्रियेचा, म्हणजे श्वासाच्या एका पद्धतीचा, छोटा अभ्यास झाला, त्यात दचकणं आणि चिंता कमी झाली. पण २१ माणसं म्हणजे फार थोडी. २०१५ साली मिनियापोलिसला ११६ माजी सैनिकांवर सजगतेच्या ध्यानाचा अभ्यास झाला. त्रास कमी झाल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं, तरी आजाराचं निदानच सुटलेल्यांचं प्रमाण दुसरा उपचार घेतलेल्या गटापेक्षा वेगळं नव्हतं. २०१८ च्या मोठ्या अभ्यासात, २०३ माजी सैनिकांमध्ये, भावातीत ध्यान, म्हणजे मनात मंत्र घोळवत करायचं ध्यान, हे मी घेत होतो त्या घटना सांगण्याच्या उपचारापेक्षा कमी ठरलं नाही. म्हणजे ज्याला आठवण उकरणं अजिबात सोसत नाही त्याला हाही एक रस्ता आहे. मला हे आवडलं. कुणीतरी माझ्यासारख्या माणसांना मोजून बघितलं होतं.

आळत्याजवळ विपश्यनेचं केंद्र आहे. तिथं जावं असं माझ्या फार मनात होतं. दहा दिवस मौन, फोन नाही, बोलणं नाही. विपश्यनेच्या प्रवेशअर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारतात आणि गंभीर त्रास असलेल्यांना हे शिबिर सुचवत नाहीत. मॅडमही म्हणाल्या, आत्ता नको. जो माणूस रात्री नऊच्या फोनवर उभा आहे त्याचा फोन दहा दिवस काढून घ्यायचा नाही. मला ते बरोबर वाटलं.

माझा पुतण्या पुण्याला आयटीत आहे. त्यानं अमेरिकेतले व्हिडिओ पाठवले, तिकडं माजी सैनिक एमडीएमए नावाचा नशेचा पदार्थ घेऊन, नशेचे मशरूम घेऊन बरे होतायत म्हणून. पोरगं काळजीनं पाठवत होतं. एमडीएमएच्या उपचाराला अमेरिकेच्या एफडीएनं ऑगस्ट २०२४ मध्ये परवानगी नाकारली, आणखी चाचणी करा म्हणून सांगितलं. आपल्याकडं हे पदार्थ १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात बसतात. गोव्याला कुणी 'सेशन' देतो म्हणाला तर तिथं ना डॉक्टर असतो ना काही बिघडलं तर जबाबदार माणूस. मी पुतण्याला नाही म्हणालो.

आणि एक उपचारक भेटले, नाव-गाव लिहीत नाही. तेलाचं मालिश छान होतं, त्या रात्री झोपही लागली. पण दुसऱ्या बैठकीत ते म्हणाले की गोळ्या आजपासून बंद करा, विष आहे ते, आणि तीन महिन्यांचे पैसे आत्ताच भरा. मी उठून आलो. आईनं ज्योतिबाला नवस बोलला होता, चैत्रात सासनकाठीबरोबर तिला डोंगरावर घेऊन गेलो, गुलालात न्हाऊन आली. आईच्या नवसानं माझी गोळी बंद करायला सांगितली नाही. मला वाटतं एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ आहे.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो लाठीचा. शिवाजी पेठेतल्या एका तालमीत मर्दानी खेळ शिकवतात. बडीचा मुलगा तिथं जायचा, त्याच्याबरोबर बघायला म्हणून गेलो. वस्ताद सत्तरी ओलांडलेले. त्यांनी मला कुपवाड्याचं काही विचारलं नाही. म्हणाले, "पाय बघू." पवित्रा घ्यायला लावला आणि माझे पाय बघून मान हलवली. "ड्रिल इसर. गुडघं सैल सोड." बरेच आठवडे नुसते पवित्रे. पुढं-मागं, आडवं, वळून, चारी दिशांना. मग लाठी दिली. ती मनगटातून फिरवायची असते. मूठ आवळली की लाठी अडते आणि स्वतःच्याच कोपरावर बसते. माझी मूठ कायम आवळलेली आहे हे मला कोपर काळंनिळं झाल्यावर कळलं. झोपेतसुद्धा आवळलेली असते, असं मंडळींनी सांगितलं. वस्ताद दर दोन मिनिटांनी ओरडायचे, "मूठ!" आणि मी सोडायचो. चारी बाजूंनी लाठी फिरत असते तेव्हा पाठीमागं कोण आहे याची चिंता करायला शरीराला वेगळं कारण लागत नाही, ती बाजू लाठी बघत असते. त्या तासाभरात डोकं कुठंही जात नाही. घरी येऊन मी जेवायचो, खरोखर भूक लागून.

पण तिथं हलगी होती. पहिल्या वेळी पोरांनी पेंढा पेटवला, हलगी शेकली, कातडं तापून ताणलं आणि पहिली थाप पडली. पुढचं मला आठवतं ते रस्त्यावर, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेला मी. वस्ताद पाठोपाठ आले आणि शेजारी बसले. "आवाजाचं हाय व्हय?" म्हणाले. मी मान हलवली. "मग आवाजाचीबी तालीम करायची."

मानसशास्त्रज्ञांना हे सांगितलं तर त्यांना फार आनंद झाला. त्यांच्याकडच्या उपचाराचा दुसरा भाग हाच होता. ज्या निरुपद्रवी गोष्टी टाळतो त्यांच्यासमोर पायरीपायरीनं उभं राहायचं, आणि प्रत्येक वेळी भीतीला शंभरपैकी मार्क द्यायचे. आम्ही तिघांनी मिळून पायऱ्या केल्या. आधी मोबाइलवर बारीक आवाजात हलगी. मग मोठ्या आवाजात. मग तालमीच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडं उभं राहून. मग दारात. मग शेकोटीपाशी. हलगी शेकताना बघितली की थाप कधी पडणार ते आधी कळतं, त्यामुळं शेकोटीची जागा दारापेक्षा सोपी निघाली, हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. भीती वाढली तरी जागा सोडायची नाही, ती आपण होऊन उतरेपर्यंत उभं राहायचं. नव्वदवरून चाळीसवर येईपर्यंत. कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. घुमकं आणि कैताळ या जोडीच्या वाद्यांचा त्रास मला झाला नाही, फक्त हलगीची ती कोरडी थाप. शेवटी वस्तादांनी हलगी माझ्याच गळ्यात अडकवली आणि काड्या हातात दिल्या. मी वाजवली. ताल नव्हता. पण ज्या हातानं आवाज काढला त्या हाताला तो परका राहिला नाही.

डीजेचं अजून जमत नाही. गणपतीच्या मिरवणुकीला मी घरीच असतो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

दुसरी माझी सोबत म्हैस. अमेरिकेत घोडे, कुत्री ठेवून उपचार करतात म्हणे. आमच्या गोठ्यात मुऱ्हा होती आधीपासूनच, धार मंडळी काढायच्या. पहाटे तीनला जाग येऊन पडून राहण्यापेक्षा उठून गोठ्यात जायला लागलो. शेण ओढायचं, वैरण टाकायची, मग धार. म्हैस मोठी पारखी. मी स्वप्नातून तसाच उठून गेलो की ती पान्हवायची नाही. सड कितीही ओढा, दूध चढवून घ्यायची, पाय आपटायची. मग तिच्या पोटाला कपाळ टेकून उभं राहायचं, तिचा रवंथ ऐकत, तो लांब उच्छ्वास करत. थोड्या वेळानं सड भरायचे. म्हणजे माझं शरीर कुठल्या अवस्थेत आहे हे मला कळायच्या आधी तिला कळत होतं. मानसशास्त्रज्ञांना हे सांगितलं, त्यांनी कागदावरच्या 'एकट्यानं करायच्या गोष्टी'त पहिल्या नंबरला गोठा लिहिला.

आणि तरीही एक रात्र आली. लाठी होती, म्हैस होती, श्वास होता, गोळीही चालू होती. कुपवाड्याला गेलेल्या त्या जवानाच्या वडिलांचा फोन आला होता, दरवर्षीच्या श्राद्धाचा. रात्री मी बडीला नॉट ओके दिलं. त्या दिवशी पंचगंगेला पाणी वाढून रस्ता वळवलेला, त्याला यायला वेळ लागणार होता. कागदावर पाचव्या पायरीला १४४१६ लिहिलं होतं, टेलिमानस. ही सेवा केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली, फुकट आहे आणि चोवीस तास चालते. सैन्यदलांसाठी तिचा वेगळा कक्ष १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला. मी साधाच नंबर लावला, मराठी निवडलं. पलीकडच्या ताईंनी नाव विचारायच्या आधी विचारलं, "आत्ता सुरक्षित आहात का? जवळ कोण आहे?" मग सरळ, "आत्महत्येचा विचार येतोय का?" हा प्रश्न विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसतो असं लोकांना वाटतं. तसं होत नाही, अभ्यासातही तसं दिसलेलं नाही. मला तर कुणी तरी दार ठोठावल्यासारखं वाटलं. त्यांनी मंडळींना उठवायला लावलं आणि बडीची गाडी दारात येईपर्यंत त्या फोनवर होत्या. बडी आला, चहा झाला, आम्ही दोघं गोठ्यात खाटेवर बसलो. पहाटे धार त्यानं काढली.

या रात्रीमुळंच मी लोकांना सांगतो की क्रम उलटा करू नका. मला बरं वाटतंय ते लाठीनं, म्हशीनं, त्या खोलीत बसून सांगितल्यानं, गोळीनं, यातलं कशानं किती ते मला वेगळं काढता येत नाही. पण त्या रात्री मी राहिलो ते हाताशी काही नव्हतं म्हणून आणि फोन लावायला नंबर होता म्हणून. ध्यान, योग, खेळ, प्राणी, भजन, ज्याला जे झेपेल ते जरूर करावं. मात्र घरातलं हत्यार आणि औषधं आधी हलवावीत, कागद आधी करावा, एक माणूस आधी ठरवावा. फौजी हे बोलून दाखवेल याची घरच्यांनी वाट बघू नये. तो आपण होऊन सांगत नाही.

नऊच्या रिपोर्टमध्ये आता आम्ही दोघंच नाही. शिरोळ भागातले, सैनिक टाकळीकडचे, गडहिंग्लजचे असे काही जण जोडले गेले, ज्याचा त्याचा बडी ठरलेला आहे. एकाचा रिपोर्ट साडेनऊपर्यंत आला नाही तर त्याच्या बडीनं फोन करायचा, फोन उचलला नाही तर घरच्यांना, आणि तिथंही कळलं नाही तर जवळच्यानं जायचं. बहुतेक वेळा चार्जिंग संपलेलं असतं. तरी जायचं.

बंदूक मी परत आणली नाही. ती विकून परवाना रद्द करायचा अर्ज दिला आहे. गोळीचा डोस कमी करायचं मॅडमनी दिवाळीनंतरवर ठेवलंय, फटाक्यांच्या दिवसांत काही हलवायचं नाही म्हणाल्या. दिवाळीचे चार दिवस मंडळी, पोरं आणि मी बडीच्या शेतातल्या घरी जातो, तिथं आवाज कमी असतो. या वेळी पोरगी म्हणाली, फुलबाज्या घेऊया, त्याला आवाज नसतो. घेणार आहोत.